वसुबारसेपर्यंत कालवड म्होरकीला येईल का? येईल, पण ओढू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऐरोलीतल्या सोसायटीने वसुबारसेला गाय-वासरू पूजेला बोलावलंय, हातात पाच आठवडे आहेत, गाय शहाणी आहे पण सात महिन्यांची कालवड दोर धरला की पाय रोवते नाहीतर फतकल मारते, आणि शेजारचे काका म्हणतात वेसण टोचा, एका दिवसात सरळ होईल. सरळ होईल हो, पण मग तोंडाजवळ हात नेला की मान झटकायला लागेल, आणि उद्या हीच तुमची दुभती गाय आहे. त्यात अजून पाऊस गेला नाही, नाकातली जखम ओली राहते, माश्या बसतात, किडे पडतात. वेसण विसरा, म्होरकी पुरे, म्हणजे नाक न टोचता तोंडाभोवती घालायची दोरी.

म्होरकी सुती दोराची घ्या, बोटाएवढी जाड. नायलॉन गालफड सोलतं आणि आपला हातही. नाकावरचा पट्टा डोळ्यांखाली तीन-चार बोटांवर, हाडावर बसला पाहिजे, खाली नाकपुड्यांजवळ मऊ भागावर घसरला की श्वास कोंडतो, जनावर घाबरून डोकं मागे फेकतं आणि आपण म्हणतो हट्टी आहे. दोर डाव्या बाजूने निघू द्या, आपण त्याच बाजूला चालतो. ओढला की हनुवटीखाली आवळला आणि सोडला की आपोआप सैल झाला, तर म्होरकी बरोबर. सैल होत नसेल तर दुसरी बनवा, कारण सगळी शिकवण त्या सैल होण्यातच आहे.

पहिले दोन-तीन दिवस चालवायचंच नाही. गोठ्यात तुमच्या डोळ्यासमोर अर्धा तास म्होरकी घालून दोर लोंबत ठेवा. तिचा स्वतःचा पाय दोरावर पडतो, मान अडकते, ती मान खाली करते, पाय उचलते, सुटते. तुमच्याशी भांडण न होता अर्धं काम झालं. मग बांधायला शिकवा, खुंट्याला जमिनीलगत नाही, तिच्या खांद्याच्या उंचीवर भक्कम खांबाला, दीड-दोन फूटच दोर ठेवून, म्हणजे पाय अडकत नाही. गाठ सुरगाठच, निरगाठ अजिबात नाही, आणि भिजलेला सुती दोर फुगून गाठ घट्ट होते हे पावसात लक्षात ठेवा. बांधून आत चहा प्यायला जाऊ नका. ती आडवी पडून लोंबकळली तर एका झटक्यात सोडता आलं पाहिजे.

आता चालवणं. मी शिळफाट्याजवळच्या गावातला, आमच्या गोठ्याच्या मागे दिवसरात्र कंटेनर चालतात. म्हशाच्या यात्रेतून एक डांगी कालवड आणली होती, काळी-पांढरी, पहिल्या दिवशी अंगणात मी ओढतोय आणि ती मागे रेटतेय, असा पंधरा मिनिटं तमाशा, घरचे हसतायत. समोरून सरळ ओढलं की जनावर मागेच रेटतं, त्या खेळात आपण हरणार. मग मी थांबलो, जरा तिच्या डाव्या खांद्याकडे सरकलो आणि दोर बाजूला, नुसता ताणून धरला, झटका नाही. ती उभी. मीही उभा. दोन-तीन मिनिटांनी तोल सांभाळायला तिने पुढचा डावा पाय अर्धा वीत टाकला, मी त्याच क्षणी दोर सैल सोडला. कान हलले, जिभेने नाक चाटलं, मोठा श्वास सोडला. परत ताण, परत अर्धं पाऊल, परत सैल. त्या दिवशी खांबापासून हौदापर्यंत सात-आठ पावलं झाली आणि तिथे पाणी मिळालं, बस्स. चौथ्या दिवशी दोर उचलला की निघायला लागली.

तर ताण जोरात नको, सोडणं वेळेवर हवं. पाऊल टाकल्यावरही ओढत राहिलात तर तिला कळणारच नाही की बरोबर काय केलं. बसली तर शेपूट पिळू नका, नाक मोकळं आहे ना बघा, दोर सैल करा, गळ्याखाली खाजवा, उठेल. रोज दहा-पंधरा मिनिटं सकाळ-संध्याकाळ, आणि ती चांगली चालत असतानाच थांबायचं. चौथ्या आठवड्यात आई पुढे, ती मागे असं रस्त्याकडेला न्या म्हणजे हॉर्न कानावरून जाईल.

दोर हाताला गुंडाळू नका, कधीच. माझ्या उजव्या तळहातावर अजून पांढरा पट्टा आहे, मागून टेम्पोने हॉर्न मारला, ती उधळली, आणि मी शहाण्यासारखे दोन वेढे घेतलेले. दोर घड्या घालून मुठीत धरायचा.

सोसायटीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. गेटच्या आतल्या गुळगुळीत टाईल्सवर खूर टिकत नाहीत, ओली गोणपाटं अंथरायला सांगा, घसरून एकदा पडली की पुढच्या वर्षी ती पायरी चढणार नाही. ढोल-फटाके गाय जाईपर्यंत नको. आणि प्रत्येक काकू ताट घेऊन येते, भाकरी-गवार एकेक घास ठीक, पण चाळीस घरांचा भात-वडे-पोळ्या एवढ्याशा पोटात गेल्या तर पोट फुगेल, रात्री तुम्ही जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ या हेल्पलाइनला फोन करत बसाल. एक टोपली भरली की बस्स, बाकी हिरवा चारा आणा म्हणावं. लंपी आणि लाळ-खुरकूतची लस राहिली असेल तर आताच द्या, आदल्या दिवशी नाही.

आणि हो, तुमच्या फोटोत तिच्या गळ्यात जे दावं दिसतंय ते सरकफासाचं आहे, ओढलं की आवळत जाणारं. ते आज रात्रीच काढा, न सरकणाऱ्या गाठीचं घाला, आत चार बोटं जातील एवढं सैल.