घाट नसलेल्या शहरातून घाटाकडे

दिवाळी तोंडावर आली की या सायकलच्या सदराच्या पत्रपेटीत चिखलदरा आणि पचमढी ही दोन नावं दिसायला लागतात. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्याला जास्त जागा देते.

ताई, माझं वय ४३. बँकेत नोकरी करतो. दोन वर्षांपासून रोज पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन येतो, सरासरी ताशी २५-२६ किलोमीटर पडते. नोव्हेंबरात मित्रांसोबत परतवाड्याहून चिखलदरा चढायचा बेत आहे. पण मागे रामटेकच्या गडावर निम्म्यातच उतरून सायकल ढकलावी लागली होती. सायकलला पुढे ५२-३६ आणि मागे ११-२८ दातांची चक्रं आहेत. नागपूरला घाटच नाही, तर तयारी करायची कुठे? — एक वाचक, मनीषनगर

तुमचे पाय कमी पडले, असं मला वाटत नाही. दोन वर्षं रोज बुटीबोरी करणाऱ्याच्या पायांत चिखलदऱ्यापुरता दम असतोच. गिअर कमी पडला. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं गणित मांडते.

तुमच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे ३६ आणि मागे २८ दातांवर, पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.७ मीटर पुढे जाते. सहा टक्क्यांच्या चढावर, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर उंची, आपल्यासारखा माणूस टिकून राहतो तो ताशी ८ किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला तुमचे पाय मिनिटाला जेमतेम ४९ फेऱ्या मारतील. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी गुडघ्यावर पूर्ण भार येतो आणि मांड्या दहा मिनिटांत भरून येतात. मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, ११-३४ केली की त्याच वेगाला फेऱ्या साठावर जातात. माणूस तोच, घाटही तोच, पण आता तास-दोन तास न थांबता पाय फिरवता येतात. मात्र नुसती कॅसेट घेऊन येऊ नका. मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ३४ दात पेलतो का आणि चेन तेवढी लांब आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. जुना डिरेल्युअर आखूड पिंजऱ्याचा असेल तर तोही बदलावा लागेल. हा खर्च हलकी चाकं घेण्याआधी करा.

आता सराव. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि चारही बाजूंनी सपाट. आपल्याला हे उणं वाटतं, मला ते तसं वाटत नाही. सपाटीवर पाय थांबत नाहीत. पुण्या-नाशिकचा सायकलस्वार चढतो, मग उतारावर पाय सैल सोडतो. आपण अमरावती रोडवर तीन तास पेडल मारतो ते न थांबता. चढावर लागते ती हीच सवय, कारण तिथे पाय थांबला की सायकल थांबते. नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, रॉकी पर्वत ओलांडून. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोकही केलं. घाट नसलेल्या शहरातला माणूस काय करू शकतो, याचा याहून मोठा दाखला मला देता येणार नाही.

वारा हा आपला घाट. आठवड्यातून एकदा समोरून वारा असेल त्या रस्त्याला लागा. नेहमीपेक्षा दोन दात जड गिअर टाका, सीटवरून उठू नका आणि दहा मिनिटं मिनिटाला ५५-६० फेऱ्यांवर राहा. पाच मिनिटं हलकं चालवा. असं तीनदा. गुडघ्यात कळ आली तर तिथेच सोडा. रविवारी पहाटे फुटाळ्याच्या बाजूने सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. एक चढ काहीच नाही, दहा फेऱ्या केल्यावर तो बोलायला लागतो. आणि महिन्यातून एकदा रामटेक: कामठी, कन्हान, मनसर करत पन्नासेक किलोमीटर जायचं, गड तीनदा चढायचा, परत यायचं. थकलेल्या पायांनी चढण्याचा सराव नागपूरकराला तिथेच मिळतो.

राहिला प्रत्यक्ष दिवस. परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर. परतवाडा ३७० मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८ मीटर. सुरुवातीचा रस्ता इतका सौम्य आहे की सगळे सपाटीच्या वेगाने सुटतात. २०१६ साली मीही सुटले होते, पुढच्या घोळक्याच्या मागोमाग. खरा घाट लागला तेव्हा माझा श्वास आधीच संपला होता. एका मोरीच्या कठड्यावर वीस मिनिटं बसून राहिले आणि वरच्या वळणावरून येणारे मित्रांचे आवाज ऐकत रडले. पुढच्या वर्षी एकच नियम पाळला: "आई, मी दुपारी जेवायला घरी येते" एवढं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. नाही आलं की वेग कमी. त्या वर्षी एकदाही पाय टेकवावा लागला नाही, आणि मोरीवर बसण्याची पाळी आदल्या वर्षी मला मागे टाकून गेलेल्या दोघांवर आली. मी थांबून त्यांना चिक्की दिली.

आणि अंधार पडायच्या आत मेळघाटातून बाहेर पडा. तिथे अस्वलं आहेत, वळणावर समोरासमोर येतात.

मी ३६ वर्षांची, वर्ध्याला राहते. फेब्रुवारीत पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) केली, पण १४० नंतर मळमळ सुरू झाली आणि १६० ला सोडावी लागली. पाणी भरपूर पीत होते, सात-आठ लिटर झालं असेल. सकाळी निघताना तर्री-पोहे खाल्ले होते, नंतर काही खावंसंच वाटलं नाही. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली होती. माझं काय चुकलं? — एक वाचक, वर्धा

अंगठीचा उल्लेख केलात ते फार बरं केलं. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. तुम्ही फक्त पाणी परत भरत होता, त्यामुळे रक्तातलं मीठ पातळ होत गेलं असावं. बोटं सुजणं, डोकं जड होणं, मळमळ ही त्याची लक्षणं आहेत, आणि अशा वेळी आणखी साधं पाणी पिणं धोक्याचं. पुढे बोलण्यात गोंधळ किंवा झटके आले तर थेट दवाखाना गाठायचा.

एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं, ही जोडी कायम ठेवा. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू पिळा. किती प्यायचं हे ठरवायला घरचा वजनकाटा पुरतो: तीन तासांच्या राइडआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं तर जे प्यायलात त्याहून एक लिटर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात.

खाण्याचं तर मला कळकळीने सांगायचं आहे. भूक लागेल तेव्हा खाऊ, असं म्हणू नका. भूक लागत नाही, कारण मेहनतीत आणि उन्हात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पोट मागे पडतं. पहिल्या तासापासून घड्याळ लावून खा, ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, हंगामात आपली संत्री. चावायला सोपं आणि खिशात मावणारं काहीही. तर्री-पोहे मला जीव की प्राण, पण ते परत आल्यावर. तेल आणि तिखट पोटात बराच वेळ बसून राहतं. निघताना दूध-पोहे किंवा तूप न लावलेली पोळी आणि गूळ.

आणि २०० ला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबच्या नियमाप्रमाणे १३ तास ३० मिनिटं मिळतात, म्हणजे ताशी १५ सुद्धा नाही. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का मारून पंधरा मिनिटं सावलीत बसलात, दहीभात खाल्लात, तरी वेळ उरतो. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका वर्षात केलेल्याला सुपर रँडोनर म्हणतात. माझ्या ३०० च्या रात्री एका ढाब्यावर मी वरणभात खाऊन बाजेवर वीस मिनिटं झोपले होते. त्या वीस मिनिटांमुळे ती राइड पूर्ण झाली असं मी आजही मानते.

वय ६२, निवृत्त. चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. बीपीची गोळी चालू आहे. घाट करू का? — एक वाचक, कामठी

आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि "सायकल चालवू का" असं मोघम न विचारता "दोन-तीन तास घाट चढू का" असं विचारा. बीपीच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून तुम्हाला दमाचा अंदाज येणार नाही. वर लिहिलेलं मीठ-साखरेचं पाणीही त्यांना विचारूनच. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या; पाय तिथे सरळ झाला पाहिजे. सीट एकदम वर करू नका, चार-पाच मिलिमीटर करत आठवडाभराने पुन्हा बघा.

माझा मुलगा १७ वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत तीन मित्रांबरोबर सायकलने पचमढीला जायचं म्हणतो. नाही म्हटलं तर जेवत नाही. चढताना दमेल याची भीती नाही, पोरगा दणकट आहे. पाठवू का? — एक आई, धरमपेठ

चढ त्याला काही करणार नाही. मला काळजी आहे ती उताराची, आणि आपल्या शहरात उतार शिकवणारं कुणी नाही.

२०१७ मध्ये चिखलदऱ्याहून उतरताना मी भीतीपोटी मागचा ब्रेक पूर्ण वेळ दाबून धरला होता. हाताचे पंजे बधिर झाले. एका वळणावर पावसाने वाहून आणलेली बारीक खडी होती. ती दिसली, पण बोटं वेळेवर हलली नाहीत. कोपराला सात टाके पडले, आणि हे माझ्या शांत, सावध स्वभावाला झालं. सायकलसह ८० किलोचा ऐवज ७०० मीटर खाली येतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर पावणेदोन लिटर पाणी उकळेल. सरळ रस्त्यावर सायकल मोकळी सोडली तर त्यातला मोठा भाग हवा खाते. ब्रेक सतत धरून रांगत उतरलं तर ती जवळजवळ सगळी उष्णता रिमवर किंवा डिस्कवर येते.

म्हणून त्याला हे शिकू द्या. हात खालच्या वाकड्या हँडलवर, तिथून ब्रेकला जोर मिळतो. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवायचा. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरायचं नाही, पण झटकाही द्यायचा नाही. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडायचे. बाहेरच्या बाजूचा पेडल खाली, भार त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. आपली डावी बाजू सोडून वळण कापायचं नाही, समोरून ट्रक येतोच. मध्ये दोनदा थांबून बोटं मोकळी करायची. रिम ओली असेल तर ब्रेक उशिरा लागतो हे आधी सपाटीवर, पावसात करून बघायचं.

चार रविवार सेमिनरी हिल्सवर आणि एकदा रामटेकला त्याला उतरताना स्वतः बघा. वळणात ब्रेक दाबत असेल तर त्याला सांगा, अजून तयारी नाही. जमलं तर पाठवा, पण एका दिवसात नको. सौंसरनंतर सिल्लेवानी घाट आहे, वळणं अरुंद आणि मालवाहू गाड्या भरपूर. तो उजेडात ओलांडून छिंदवाड्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तामिया, मटकुलीमार्गे पचमढी. मागून एखाद्या पालकाची गाडी असू द्या. मुलांना आवडणार नाही, तरी असू द्या. आणि त्याला म्हणावं, जेवायला लाग, उपाशी पायांनी मटकुलीचा घाट चढत नाही.

टायर २५ मिलिमीटर रुंदीचा घेऊ की २८? — एक वाचक, हिंगणा

फ्रेममध्ये बसत असेल तर २८. आपल्या रस्त्यांवर हवा थोडी कमी ठेवता येते, अंग कमी हादरतं, खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचं प्रमाणही कमी. सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि हातपंप ठेवा. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का, हे घरीच बघा. बारीक, लांब तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर ॲडॅप्टरशिवाय पेट्रोलपंपावरची नळी त्याला लागत नाही.