कवचबीजातलं माकड

दापोलीहून एका ताईंनी विचारलंय: काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं ते ‘कवचबीज’ आणि आमच्या गडग्यावर चढते ती खाजकुयली एकच का? आणि अबई ती कुठली?

एकच, ती खाजऱ्या लवेच्या शेंगांची वेल. कुहिलीही तीच. खाजकोलती मात्र वेगळी; तिच्या पानांना खाज असते आणि ती शेंगांच्या कुळातली नव्हेच. ही दोन नावं एकमेकांच्या जागी ठोकून देणं आता पुरे.

‘बीला कवच असतं म्हणून कवचबीज’ हे वैद्यमंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय की ऐकताच अंगाला कुयली लागते. अहो, कवच कुठल्या बीला नसतं? संस्कृत नाव कपिकच्छू. कपि म्हणजे माकड, कच्छू म्हणजे खाज. कपाटाचं कवाड झालं, दीपाचा दिवा झाला, तसाच इथला ‘प’ झिजला आणि हिंदीत केवाँच, कवाँच, कौंच झालं. आपण त्याला चिलखत चढवून ‘कवच’ केलं, एवढंच. ‘मग आत्मगुप्ता, स्वतःला राखणारी, हे नाव कसं?’ असं विचारून जिंकल्याच्या थाटात बघणारे भेटतात. ते नाव खरंच आहे, पण वेगळं आहे. त्याने कवाँचाचा बाप बदलत नाही.

पुढची गंमत तर आणखी. इंग्रजांनी कवाँच ऐकलं आणि त्याचं ‘काउ-इच’ केलं, म्हणजे गायीची खाज! हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा १८८६चा जो हॉब्सन-जॉब्सन कोश, त्यात तो शब्द बसलाय. इथे माकडाचं चिलखत, तिथे गाय. आपल्या कुहिलीच्या ‘कु’तही मला तेच माकड दिसतं. कोशवाले हसतील, हसोत.

हां, अबई. तिची शेंग तलवारीसारखी रुंद, लांब, गुळगुळीत. कोवळी असताना भाजी करतो तीच. बीचा डोळा, म्हणजे ती कडेची रेघ, जवळजवळ बीएवढी लांब. कुयलीचा डोळा आखूड, शेंग बोटभर, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेली, तपकिरी लवेने भरलेली. मोठी कुहिली ही आणखी वेगळी वेल; तिच्या शेंगेत बहुधा एकच टपोरी बी, शेंगेवर तिरप्या घड्या, आणि डोळ्याची पट्टी बीला वळसा घालून गेलेली. शेतात लावतात त्या कुयलीची लव मखमली, बिनखाजेची.

तेव्हा दुकानातली बी हातात घेऊन डोळा बघा. गडग्यावरच्या शेंगेला हात लावून खात्री करायला जाऊ नका. मी गेलो होतो, तिसरीत असताना. आजीने पाठभर शेण चोळलं, गणवेशासकट.