टर्मिनलमध्ये फाइल कॉपी करून दुसऱ्या फोल्डरात पेस्ट करायची सोय आहे का?

भावा, तुला माउसला हात न लावता टर्मिनलमध्येच एका फोल्डरातली फाइल उचलायची आणि मग सावकाश दुसरीकडं जाऊन टाकायची, हाच प्रश्न ना? जमतं की. सीबी नावाची कमांड आहे, टूलचं पूर्ण नाव क्लिपबोर्ड, ओपन सोर्स आहे, लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतं. मॅकला होमब्रूमधून घे, म्हणजे टर्मिनलमधून सॉफ्टवेअर टाकायची सोय, बाकीच्यांचं त्याच्या गिटहबच्या पानावर दिलंय. कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, तू टाइप करताना इंग्रजी अक्षरं मार.

आता नेमकं कुठं टाकायचं हे आधीच ठरलेलं असेल तर ह्याची काय गरज नाही, सीपी (कॉपी करायची कमांड) आणि एमव्ही (हलवायची) बास झाले. पण मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये बसतो, इथं व्हीएमसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे प्रोग्राम, ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं पार्टीच्या नावानं, फोल्डरात फोल्डर, त्यात परत फोल्डर. सीपीला कुठून आणि कुठं दोन्ही एकाच ओळीत सांगावं लागतं, मग डॉट डॉट स्लॅश, डॉट डॉट स्लॅश करत मोजत बसायचं किती वर जायचंय ते. सीबीत हे दोन तुकडे सुटे होतात. ड्रॉइंगच्या फोल्डरात उभं राहून सीबी कॉपी आणि फाइलचं नाव, मग सीडी (फोल्डर बदलायची कमांड) मारत हवं तिथं जायचं, एलएस (फोल्डरातली यादी दाखवणारी) करून बघायचं बरोबर जागी आलोय का, आणि सीबी पेस्ट. फाइल हलवायची असली तर कॉपीच्या जागी कट. स्टार डॉट एनसी दिलं तर सगळे प्रोग्राम एकदम उचलतं.

मला लई आवडलेली गोष्ट म्हणजे क्लिपबोर्ड एकच नाही. कॉपीला चिकटून २ लिहिला की ते दुसऱ्या कप्प्यात, पेस्टला पण २ लावला की तिथलंच येतं, पहिल्यातलं तसंच राहतं. साधे कप्पे टेंपररी जागेत असतात त्यामुळं मशीन रीस्टार्ट झालं की त्यांचा भरवसा धरू नको, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल कोण सांगणार. टिकवायचं असेल तर आकड्याऐवजी अंडरस्कोर लावून नाव दे, म्हणजे कॉपी अंडरस्कोर जिग असं, ते रीस्टार्टनंतर पण राहतं. मोठ्या फाइलींना मात्र जपून, कारण कॉपी मारली की खरोखरची प्रत बाजूला काढून ठेवतं, चार जीबीचा व्हिडिओ असला तर डिस्कवर तेवढी जागा लागणार.

बरेच जण तुला एक्सक्लिप वापर म्हणतील, ती लिनक्सवरची क्लिपबोर्डची कमांड. चांगलं आहे, पण ते मजकुरासाठी. त्यात फाइल ओतली तर फाइलच्या आतलं लिखाण क्लिपबोर्डवर जातं, फाइल नाही. शिवाय ते आपोआप प्रायमरी सिलेक्शनमध्ये टाकतं, म्हणजे माउसच्या मधल्या बटनाचं पेस्ट, कंट्रोल व्हीचं नाही, त्यासाठी सिलेक्शन क्लिपबोर्ड असं सांगावं लागतं. वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले सिस्टिमवर असशील तर तसलंच डब्ल्यूएल-कॉपी बघ.

कंपनीच्या पीसीवर काय इन्स्टॉल करू देत नसतील तर बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत, दोन फंक्शन (स्वतःच्या छोट्या कमांड) लिही. पहिलं रिअलपाथ कमांडनं फाइलचा पूर्ण पत्ता काढून होममधल्या एका लपलेल्या फाइलीत लिहितं, दुसरं तो पत्ता वाचून सीपी मायनस आर करतं (मायनस आरनं अख्खा फोल्डर पण कॉपी होतो), शेवटी डॉट, म्हणजे आत्ता आहे तो फोल्डर. सगळा खेळ दोन ओळींचा. फक्त पत्त्याभोवती डबल कोट विसरू नको, आपल्याकडं फाइलींची नावं ‘हाउसिंग फायनल नवीन’ अशी असतात, कोट नसले की शेल (टर्मिनलमधली कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याच्या तीन वेगळ्या फाइली समजतं आणि अशी फाइलच नाही म्हणून ओरडत बसतं. सीपीला मायनस आय पण लाव, म्हणजे आधी विचारतं, नायतर त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून टाकंल, मग पॅटर्नवाला (कास्टिंगचा साचा बनवणारा) फोन करून विचारणार कुठली रिव्हिजन पाठवली म्हणून.

आणि एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनलनंच, दुसऱ्या सर्व्हरवर गेलास की तिथलं सीबी पेस्ट तुझ्या लॅपटॉपवरची फाइल आणत नाही, कारण कॉपी झालेली प्रत लॅपटॉपच्याच डिस्कवर बसलेली असते. तिथं एससीपी नायतर आरसिंक, ह्या नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या कमांड.