बंगाली लोक देवीच्या दिवसांत मटण कसं काय खातात?

प्रश्न असा आहे: "माझ्या भावाचं लग्न बंगाली मुलीशी ठरतंय. आमच्याकडे घट बसतात, कुळाचार कडक आहे. बंगाली लोक ऐन दुर्गापूजेत मटण-मासे खातात असं ऐकलं. देवीच्या दिवसांत हे कसं चालतं? मुलगी आमच्या घरात जमवून घेईल का?"

खातात. नवमीला तर भल्या पहाटेपासून मटणाच्या दुकानासमोर रांग लागते, आणि त्या रांगेत आदल्या दिवशी उपाशीपोटी देवीला पुष्पांजली दिलेली माणसंच उभी असतात. मी सोलापूरची, सासर कोलकात्यात, दमदमला. माझं लग्न ठरलं तेव्हापासून हा प्रश्न मला माहेरचं कुणी ना कुणी विचारतंय, आणि विचारणाऱ्याचा सूर ठरलेला असतो, की एवढे देवीचे भक्त म्हणवतात आणि बघा कसे. तुमच्या प्रश्नातही तो आहे. असो.

मंडपात ती महिषासुराला मारणारी दुर्गा असते, पण बंगाली घरातल्या बोलण्यात ती उमा. चार लेकरं घेऊन कैलासावरून माहेरी आलेली. षष्ठीला येते, दशमीला जाते. माहेरी आलेल्या लेकीला काय साबुदाण्याची खिचडी घालणार? आणि हे आपल्याला कळायला अवघड का जावं? भाद्रपदात गौरी माहेरवाशीण म्हणूनच येतात, आणि आगरी-कोळ्यांत, सीकेप्यांत, कित्येक मराठा घरांत त्यांना तिखटाचा नैवेद्य असतो. कुठे मटण, कुठे चिंबोऱ्या. "आमच्याकडे असं नसतं" म्हणताना लोक स्वतःची आळी मोजतात आणि तिलाच महाराष्ट्र म्हणतात.

आता माझ्या थोरल्या काकांचं सांगते. २०२१ मध्ये कोलकात्याची दुर्गापूजा युनेस्कोच्या यादीत गेली, ती बातमी वाचल्यापासून त्यांना पूजा बघायची होती. काका-काकू सप्तमीला आले.  अष्टमी झकास गेली. सकाळी अंजली, मग लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेली छोलार डाळ, म्हणजे हरभऱ्याची. अष्टमीला आमच्या घरात सगळेच शाकाहारी, भातसुद्धा नाही. तिन्हीसांजेला संधिपूजा होती. अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटं आणि नवमीची पहिली चोवीस, एवढाच काळ तिचा, आणि तिथीप्रमाणे कधी मध्यरात्रीही येतो. एकशे आठ दिवे लागले, ढाक, म्हणजे तिकडचे मोठे ढोल, वाजायला लागले, आणि काकांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "पोरी, भाग्यवान आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मटणाची पिशवी घेऊन आला. काका व्हरांड्यात पेपर चाळत होते. पिशवीतून थेंब गळत होते ते त्यांनी पाहिले आणि सरळ बॅग भरायला घेतली. "देवी अजून मंडपात बसलीये आणि तुम्ही घरात बोकड शिजवता? मी या घरात पाणी घेणार नाही."

सासऱ्यांनी वातावरण हलकं करायला विनोद केला. ते म्हणाले, "मराठे आमच्याकडे पूजेला आले होते ते १७४२ साली, तेव्हाही पूजा अर्धवटच राहिली." हे खरं आहे. नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर यांनी त्या वर्षी काटव्याजवळ दाँइहाटला दुर्गापूजा मांडली होती आणि ती पुरी व्हायच्या आत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने छापा घातला. बंगाली आया अजूनही पोरांना झोपवताना बर्गी आले म्हणून सांगतात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार. माझं सासरचं टोपणनाव तेच आहे. काकांना विनोद कळला नाही. मी समजावून सांगितल्यावर तर ते आणखी भडकले.

तोडगा काढला पिशीमांनी. पिशीमा म्हणजे नवऱ्याची सख्खी आत्या. ऐन पंचविशीच्या आत वैधव्य आलं, तेव्हापासून माहेरीच. मागच्या अंगाला त्यांची वेगळी चूल आहे, वेगळी भांडी, वेगळा पाटा. मासा, मटण, अंडं तर नाहीच, पण कांदा, लसूण आणि मसुराची डाळसुद्धा त्या चुलीवर चढत नाही. त्यांनी काकांना आपल्याकडे बोलावलं आणि स्वतः रांधलं. कारल्याचा कडवटपणा असलेलं शुक्तो, केळफुलाची भाजी म्हणजे घंटो, हरभरा डाळीच्या वड्यांची रस्साभाजी म्हणजे धोकार डालना, आतप म्हणजे न उकडलेल्या तांदळाचा भात. फोडणीला आलं, जिरं, हिंग, बास. काका पोटभर जेवले. "याला म्हणतात सात्त्विक. घरातल्या लोकांनी या बाईंकडून शिकावं," असं मला ऐकवलंही.

तेवढ्यात काकूंनी पिशवीतून सोलापूरची शेंगदाण्याची चटणी काढली. माझ्यासाठी आणलेली, पण म्हणाल्या पिशीमांनाही चाखू दे, आणि चमचाभर त्यांच्या पितळी ताटलीत घातली. पिशीमांना वास आला. काही न बोलता त्या उठल्या, ताटली दोन बोटांत धरून दाराबाहेर नेऊन ठेवली, चटणीचा डबा काकूंच्या हातात परत दिला, आणि बाटलीतलं गंगाजल घेऊन ओटा पुसायला लागल्या. लसूण! काका बघतच राहिले. पाणी न घेण्याची भाषा करणाऱ्या माणसामुळे त्या घरातली सगळ्यात सोवळी जागा बाटली होती. मी हसले. हसायला नको होतं म्हणतात माहेरचे, मला तसं वाटत नाही.

मग मी काकांना विचारलं, की आपलं कुलदैवत तुळजाभवानी, नवरात्रात होम झाल्यावर तिथे अजाबळीचा, म्हणजे बोकडाच्या बळीचा, विधी होतो तो कुणासाठी असतो? ते म्हणाले, "ते देवळात. घरात नाही." म्हणजे देवीने बाहेर खाल्लेलं चालतं. यावर आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. ते अजून मला नवरात्रात सात्त्विक आहाराचे संदेश पाठवतात.

पण त्या दिवशी खरं बोलल्या त्या पिशीमा. काका काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं, "यांच्याकडून शिका" वगैरे. त्या ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "त्यांना सांग, नवरा जगला असता तर आज रोहू माशाचं मुंडकं मीच खाल्लं असतं."

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बंगालमध्ये कडक शाकाहार आहे, आपल्यापेक्षा कडक आहे, पण तो पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला विधवांवर. विधवाविवाहाचा कायदा समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ मध्ये झाला, तरी स्वयंपाकघरात तो शिरायला फार वेळ लागला. बंगाली जेवणातल्या बिनमाशाच्या नाजूक पदार्थांपैकी कितीतरी या बायकांच्या चुलीवर घडले, शिक्षा म्हणून मिळालेल्या शिध्यातून. आणि त्याची दुसरी बाजू अशी, की मासा खाणं हे सवाष्णीचं लक्षण. म्हणून नव्या सुनेला "आमच्या घरात आलीस, आता मासे बंद" असं म्हणाल तर तिच्या आईच्या काळजात धस्स होईल. तुमच्या आईला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कुणी हिरवा चुडा उतरवायला सांगावा, तसं ते तिकडे ऐकू येतं. आता सासवा बदलल्यात, विधवाही बऱ्याच घरांत सगळं खातात, पण जुन्या बाईच्या कानाला ते अजून तसंच लागतं.

जमवून घेईल का? बहुतेक घेईल. वेगळी चूल, वेगळी भांडी हा प्रकार तिला नवा नसणार. घट बसलेत तेवढे दिवस घरात नको म्हणालात तर ती ऐकेल, फक्त त्याला पापपुण्याचं लेबल लावू नका आणि नवमीला ती मैत्रिणीकडे जेवून आली तर तोंडाचा वास घेत बसू नका. कोजागिरीला आपण दूध आटवतो त्या रात्री त्यांच्याकडे घरोघरी लक्ष्मीपूजा असते, दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. ती करू द्या. कुळाचारात भरच पडेल.

आणि तुमच्या घरात माझ्या काकांसारखं कुणी असेल, असतंच, तर त्यांना याद्यांच्या बैठकीत बोलायला देऊ नका. ज्यांना स्वतःच्या कुलदेवीचा नैवेद्य माहीत नाही त्यांनी दुसऱ्याच्या देवीला पथ्य सांगू नये.

हे सगळं मी एका घरावरून आणि आसपासच्या वस्तीवरून सांगतेय. वैष्णव बंगाली घरांत मासा शिजत नाही, अशी घरंही आहेत. पूर्व बंगालातून आलेल्यांच्या रीती वेगळ्या, त्यांच्यातल्या काही घरांत तर लक्ष्मीलाच इलिश मासा दाखवतात. ज्या जुन्या वाड्यांत पूर्वी बोकड कापायचे तिथे आता बरेच ठिकाणी कोहळा नाहीतर ऊस कापतात. मुलगी मुंबई-पुण्यात वाढलेली असेल तर यातलं निम्मं तिलाही माहीत नसेल. तिलाच विचारा ना, इथे अनोळखी बाईला विचारण्यापेक्षा.

शेवटचं एक, जे तुम्ही विचारलं नाही पण लागणार आहे. बंगाली लग्नात हळदीच्या दिवशी नवऱ्याकडून नवरीकडे ताटं जातात, आणि त्यात एक अख्खा रोहू असतो, साडी नेसवलेला, नाकात नथ घातलेला. नवऱ्याकडचे तुम्ही, म्हणजे मासा तुमच्या घरातून जायचा आहे. मोठा लागतो, आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. तुमच्यापैकी कुणी हात लावणार नसेल तर मुलीच्या मामाला आधीच सांगा, तो आणेल. पैसे मात्र तुम्हीच द्या.