जमीन विकून आलेला एक कोटी आणि धाकट्या भावाची सोय

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचे आण्णा ६७ वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त शिक्षक. त्यांनी १९८९ मध्ये स्वतःच्या कमाईतून घेतलेली कोल्हापूरजवळच्या उचगावची शेतजमीन गेल्या फेब्रुवारीत एक कोटीला विकली. आई ६३ वर्षांची. शाहूपुरीतलं घर दोघांच्या नावावर आहे, तुम्ही पुण्यात. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, स्वतःचे व्यवहार करू शकत नाही. आता एजंट कळंब्याला फ्लॅट घ्या म्हणतोय, विमावाला वर्षाला पाच लाखांचं युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) पुढे करतोय, मामा पतसंस्थेत ठेवा म्हणतात. आणि 'शेतजमिनीला टॅक्स नसतो' असं कुणीतरी आण्णांना ठामपणे सांगितलंय.

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला मुदत आहे. मी इथे कर सल्ल्याचंच काम करतो आणि हा गैरसमज आमच्याकडे घराघरांत आहे. कर नसतो तो ग्रामीण शेतजमिनीला. ग्रामीण कुठली, हे सातबाऱ्यावरून ठरत नाही, शहराच्या हद्दीपासूनच्या अंतरावरून ठरतं. शहराची लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या मध्ये असेल तर हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरत नाहीत, तेही सरळ हवाई अंतराने. कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. उचगाव तर शहराला चिकटून आहे. तेव्हा कर आहे, यात शंका ठेवू नका. घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर व्यवहार आयकर खात्याला आधीच दिसतोय.

आता हिशेब. २००१ पूर्वीची मालमत्ता असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं, मात्र ते त्या वेळच्या शासकीय दरापेक्षा जास्त धरता येत नाही. सरकारमान्य मूल्यांककाकडून दाखला घ्या. समजा ते आठ लाख निघालं. सरळ पद्धतीने नफा ९२ लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे साडेअकरा लाख. जुनी पद्धत महागाई निर्देशांकाची: २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे आठाचे ३०.०८ लाख होतात, नफा सुमारे ७० लाख आणि २० टक्क्यांनी कर जवळजवळ १४ लाख. दोन्हींपैकी कमी कर भरायची मुभा आहे, तुम्हाला पहिली पद्धत बरी. पण त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला की आकडा १३ लाखांच्या वर जातो.

इथे कलम ५४ईसीचे करबचतीचे बाँड कामाला येतात (कलमांचे आकडे जुन्या आयकर कायद्यातले देतोय, कारण तुमची विक्री त्याच कायद्याखाली येते). आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्या हे काढतात. मर्यादा ५० लाख, पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज सव्वापाच टक्के आणि तेही करपात्र. व्याज ऐकून लोक नाक मुरडतात. पण गणित करा: ५० लाख बाँडमध्ये गेले की करपात्र नफा ४२ लाख उरतो. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत राहिलं तर अधिभारही जातो आणि कर साडेपाच लाखांपर्यंत येतो. वाचले साडेसात लाखांच्या वर. सात टक्क्यांच्या ठेवीशी तुलना केली तर पाच वर्षांत व्याजाचं नुकसान साडेचार लाखांच्या आत आहे. आण्णांच्या बाबतीत हा सौदा फायद्याचाच. खरेदीपत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांत गुंतवायचे, म्हणजे ऑगस्ट ही शेवटची मुदत. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, आणि हे बाँड कुठेही तारण ठेवू नका, सवलत जाते.

फ्लॅट घेऊनही कर वाचतो, हे एजंट खोटं सांगत नाही. कलम ५४एफ खाली ६५ लाखांचा फ्लॅट घेतला तर नफ्याचा ६५ टक्के भाग करमुक्त होईल, बाँडपेक्षा जास्तच. तरीही मी नको म्हणेन. तुम्ही लिहिलंय तसं भाडं १४ हजार येणार, म्हणजे वर्षाला १,६८,०००, अडीच टक्क्यांच्या आसपास, त्यातून मेंटेनन्स आणि घरफाळा वजा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून 'आता दर कुठल्या कुठे जाणार' हे प्रत्येक एजंटच्या तोंडी आहे. जातीलही. पण पंधरा वर्षांनी भाडेकरूने घर सोडलं नाही, तर भांडायला कोण जाणार? तुम्ही पुण्याहून? भाऊ तर जाणार नाही. तुमच्या घरात प्रत्येक गुंतवणुकीला हा एकच प्रश्न विचारायचा: आईवडिलांच्या मागे ही कोण सांभाळणार? राधानगरीकडे दुसरी शेती घेऊन कलम ५४बी खाली कर वाचवा, असंही कुणी सुचवेल. उत्तर तेच, कसणार कोण?

म्हणून माझ्या लेखी तुमचा खरा विषय गुंतवणूक नाही, भाऊ आहे.

त्याच्या नावावर थेट पैसे ठेवू नका. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग बँकेत सही कुणाची हा घोळ होतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. बौद्धिक अक्षमता त्या कायद्यात येते. अर्ज आण्णा हयात असतानाच करा. त्याच न्यासाची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण, तीही घ्या.

'सगळं ताईच्या नावावर करतो, ती बघेल भावाला' हा मार्ग आपल्याकडे सर्रास घेतला जातो. तुमच्यावर अविश्वास नाही, पण तसं केलं की पैसा कायद्याने तुमचा होतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तो तुमच्या वारसांकडे जाईल आणि भावाचा त्यावर दावा उरणार नाही.

त्यापेक्षा आण्णांनी आणि आईने आपापल्या मृत्युपत्रात भावासाठी खासगी ट्रस्ट लिहून ठेवावा. भारतीय न्यास कायदा १८८२ खाली हे होतं, धर्मादाय आयुक्तांशी त्याचा संबंध नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. आजच ट्रस्ट करून घर त्यात टाकायचं तर दस्त नोंदवावा लागेल आणि शुल्काचा खर्च निघेल, त्याची घाई नको. एकमेव लाभार्थी भाऊ आणि त्याचा हिस्सा स्पष्ट ठेवला की उत्पन्नावर त्याच्याच टप्प्याने कर लागतो. 'विश्वस्तांना वाटेल तसं वाटप' अशी मोघम भाषा घातली तर सर्वोच्च दर लागू शकतो, हे वकिलाला आवर्जून सांगा. विश्वस्त किमान दोन, त्यातला एक तरी तुमच्यापेक्षा वयाने लहान. घरात राहण्याचा भावाचा हक्क, औषधं आणि सांभाळणाऱ्या बाईचा पगार हे नाव घालून लिहा. त्याच्या मागे उरलेलं कुणाला, हेही लिहा. दोन साक्षीदार कायद्याने हवेतच, ते लाभार्थी नसलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाका आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

नॉमिनी लावला की झालं, असं समजू नका. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून घ्या.

आणि ही एक गोष्ट मला वाटतं तुमच्या कुणी लक्षात आणून दिलेली नाही. आण्णांना निवृत्तिवेतन आहे. स्वतः कमावू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या अपत्याला, आईनंतर, कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, पालकामार्फत. कुठल्याही युलिपपेक्षा हे मोलाचं. सीपीआर या सरकारी रुग्णालयातलं दिव्यांग प्रमाणपत्र काढून भावाचं नाव आत्ताच निवृत्तिवेतनाच्या कागदांत चढवा. मागाहून हे करायला गेलेल्यांचे हाल मी पाहिलेत.

उरलेलं पटपट. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, आण्णांच्या नावे. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० मिळतील. आईच्या नावे वेगळं खातं काढता येतं, पण पैसा आण्णांचा असल्याने व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरलं जाईल. कर भरून राहतील त्या चौदा लाखांतले पाचेक लाख हाताशी ठेवा, बाकी साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), भावासाठी, दहा वर्षं हात न लावता. युलिपला सरळ नाही म्हणा. ६७ व्या वर्षी विमा संरक्षणाचा खर्चच पैसे खातो, आणि वर्षाला अडीच लाखांवर हप्ता गेला की परतावा करमुक्तही राहत नाही.

मामांचं मन दुखवू नका, पण पतसंस्थेला ठेव विमा नसतो. बँकेला, सहकारी असली तरी, प्रति ठेवीदार पाच लाखांपर्यंत असतो. सहकार आपल्या जिल्ह्याच्या रक्तात आहे, म्हणून तर हा फरक लोक विसरतात.

घराचं राहिलं. २०१९ आणि २०२१ ला तुमच्या गल्लीत पाणी होतं, असं तुम्हीच लिहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली की सामान माळ्यावर चढवायचं, एवढ्यावर भागवू नका. 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी प्रमाणित पॉलिसी आहे, पूर तिच्यात येतो. विम्याची रक्कम बांधकाम खर्चावर काढा, जागेच्या बाजारभावावर नाही. घरातल्या सामानाला रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. भावाला याच घरात राहायचंय, तेव्हा ही पॉलिसी पावसाळ्याआधी घ्या आणि हप्ता दरवर्षी विश्वस्तांपैकी कोण भरणार तेही ठरवून टाका.

आण्णांना गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, तुमच्यासाठी पाच तोळे सोनं घ्यायचंय म्हणालात. घेऊ देत. त्याला गुंतवणूक म्हणू नका, एवढंच.