खान्देशात ना खाणी, ना धातू. मग भूविज्ञानात संशोधन करायला इथे आहे तरी काय?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही अमळनेरचे, भूविज्ञानात एमएस्सी होत आलंय, आणि घरच्यांपासून सरांपर्यंत सगळे म्हणतात, संशोधन करायचं तर नागपूर-चंद्रपूर गाठ. खान्देशात कोळसा नाही, मँगनीज नाही, नुसता काळा दगड. माझं म्हणणं असं की पीएचडीची नोंदणी कुठेही करा, विषय मात्र इथलाच घ्या. मी धुळे-जळगाव भागात विहिरी आणि बोअरच्या जागा तपासायचं काम करतो. जमिनीबद्दलचे असे प्रश्न रोज समोर येतात की ज्यांची उत्तरं पुस्तकात मिळत नाहीत, आणि त्या उत्तरावर एखाद्या घराचं वर्षभराचं उत्पन्न लागलेलं असतं.

आपल्याकडचं पहिलं खनिज पाणी. चोपडा, यावल, रावेर हा सातपुड्याचा पायथा ते तापी असा पट्टा घ्या. इथे बेसाल्ट, म्हणजे तोच काळा दगड, खाली खचलाय आणि त्या खोलगटात नद्यांनी गाळ भरलाय, काही ठिकाणी शे-दोनशे मीटर जाडीचा. यावलकडे ट्यूबवेल चालू असेल तिथे एकदा दिवसभर बांधावर थांबा. रिगवाले दर काही फुटांना निघालेला माल ओळीने ढीग करून ठेवतात. आधी काळी माती, मग पिवळी, मग चिकणमाती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, आणि मध्येच एकदम धुतल्यासारखी गोल रेती. पाणी त्या रेतीत. शेजारच्या शेतात तीच रेती बरीच खाली सापडते किंवा सापडतच नाही, कारण ती जुन्या ओढ्यांची पात्रं आहेत आणि ओढे जागा बदलत गेले. शेतकरी त्याला नशीब म्हणतो. तो ढीग आठवड्याभरात ट्रॅक्टरखाली जातो, आणि इतक्या खर्चाने जमिनीतून वर आलेली माहिती कायमची संपते. मला याचं फार वाईट वाटतं. एका तालुक्यातल्या नव्या ट्यूबवेलचे थर कुणी नीट नोंदवले, तरी ती जुनी पात्रं नकाशावर उमटायला लागतील.

याच पट्ट्यात वर, डोंगराला टेकून, दगडगोट्यांची एक लांब पट्टी आहे. तिला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, भोकर या नद्या पावसाळ्यात डोंगरातून धावत येतात आणि या गोट्यांत त्यांचं बरंच पाणी जिरून जातं. खालच्या केळीच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. उपसा मात्र भरण्याच्या पुढे गेला. रावेर आणि यावल ही नावं भूजल मूल्यांकनाच्या अतिशोषित यादीत पुन्हापुन्हा आली आहेत. तापी मेगा रिचार्जची कल्पना हीच, की पुराचं पाणी कालव्यांनी या गोट्यांच्या पट्टीवर आणायचं आणि जिरवायचं. 2025च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने त्यासाठी करारही केला. पण पुराचं पाणी गढूळ असतं. किती गाळ असलेलं पाणी किती वेगाने जिरेल, पट्टीची तोंडं किती पावसाळ्यांत बुजतील, कुठला भाग खरवडून मोकळा ठेवावा लागेल, हे जागेवर मोजावं लागतं. तुमच्या वयाच्या माणसाने चार-पाच पावसाळे द्यावेत असा हा प्रश्न आहे.

शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून पाणी जिरवलं, ते राज्यभर गाजलं. तेच माप प्रत्येक तालुक्यात चालणार नाही हे मात्र खडक बघूनच सांगावं लागतं. खोदताना कुठला थर फुटला आणि कुठला राखला यावर सगळं आहे. शिरपूरच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे पुष्कळ भेटतात, विहिरींची मापं घेऊन बोलणारे कमी.

आता तापी ओलांडून धुळे, साक्री, नंदुरबारकडे या. इथे गाळ नाही, बेसाल्ट आहे, आणि त्या बेसाल्टला फाडून वर आलेल्या डाईक आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ज्या भेगांतून आला, त्या भेगांतच तो थिजला आणि त्याच्या उभ्या दगडी भिंती झाल्या, त्याच या डाईक. नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेवर भिंती नकाशावर नोंदवल्या गेल्या आहेत, काही दहा-वीस किलोमीटर लांब, सगळ्यात लांब 70 किलोमीटरच्याही पुढे. शेतात उभं राहिलात तर ती एक लांबच लांब दगडी टेकाडाची रांग दिसते, तिच्यावर गवत आणि बाभळी. बहुतेक डाईक पूर्व-पश्चिम आहेत आणि पांझरा, बुराई यांच्या खोऱ्यांतलं पाणी शेवटी उत्तरेला तापीकडे निघालेलं, म्हणजे भुईतल्या वाटेवर आडवे बांध. मी अशा गावात काम केलंय जिथे रांगेच्या दक्षिणेच्या विहिरीत मार्चमध्ये मोटर चालते आणि उत्तरेच्या विहिरीचा तळ दिसतो. मधे जेमतेम एक शेत. याच्या उलटही आहे: काही डाईक इतक्या तडकलेल्या असतात की पाणी त्यांच्यातूनच वाहतं, आणि बोअर नेमका त्यांच्या कडेला लागतो. कुठली डाईक अडवते आणि कुठली वाहून नेते हे आधी ओळखता आलं, तर पाणाड्याच्या नारळावर कर्ज काढून बोअर मारायची वेळ कुणावर येणार नाही.

प्रदूषणाचं म्हणाल तर नायट्रेट घ्या. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. ते दिसत नाही, वास येत नाही, उकळून जात नाही, आणि तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू तोडतं. केळीला ठिबकमधून युरिया जातो, गावाचं सांडपाणी शोषखड्ड्यात जातं, गोठ्याचं मूत जमिनीत मुरतं. विहिरीतलं नायट्रेट यांतलं कुणाचं? नत्र आणि प्राणवायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, ते बरंचसं वेगळं काढता येतं. ते कळल्याशिवाय शेतकऱ्याला खत कमी करा म्हणायचं की ग्रामपंचायतीला गटार बांधा म्हणायचं, हे ठरत नाही.

दुसरं खनिज गिरणेची वाळू. लिलावाआधी नदीत दरवर्षी किती वाळू परत येते याचा अभ्यास हवा, असं केंद्राच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच पात्राची पातळी मोजणं, इतकं ते साधं आणि कष्टाचं काम आहे. वाळू गेली की काठच्या विहिरी खाली जातात, हे गिरणाकाठच्या कुणालाही विचारा.

भूकंपाला इथे कुणी मनावर घेत नाही. पण 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात सहाच्या वरच्या तीव्रतेचा धक्का बसला होता, आणि तो जवळपास 40 किलोमीटर खोलीवरून, जे दख्खनमध्ये दुर्मिळ आहे. अडावदजवळच्या उनपदेवचं गरम पाणीसुद्धा ज्वालामुखीचं नाही. भेगांतून खोल उतरून तापून परत आलेलं ते पाणी आहे. त्या भेगा अजून जित्या आहेत का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

एक विनंती. उपग्रहाच्या चित्रांवरून रंगीत नकाशे करून प्रबंध संपवू नका. असे नकाशे भरपूर झाले, आणि त्यांतल्या निळ्या पट्ट्यात बोअर कोरडे गेलेले मी पाहिलेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षण विहिरींच्या जुन्या पातळ्या असतात, अर्ज करून त्या मिळवा. मग एकच लहान पाणलोट निवडा आणि त्यातल्या सगळ्या विहिरींची खोली, पाण्याची पातळी, क्षारता, मालकाने सांगितलेला खडक वहीत लिहा. विहिरीत डोकावून कडेचे थरही बघा: मुरूम, मांजऱ्या (छिद्रं भरलेला मऊसर बेसाल्ट), गेरूचा लाल पट्टा, झिरा नेमका कुठून येतोय. उन्हाळ्यातली मापं हुकली तर वर्ष वाया जातं, म्हणून पहिली फेरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरका. धुळे तालुक्यातला पाणलोट घेतलात तर इथेच कळवा, डाईक कुठे उघड्या दिसतात ते दाखवायला मी सोबत येईन.