सोलरचा कोर्स: पैसे भरण्याआधी काय बघाल?

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा यंदा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. इथल्या एका संस्थेत तीन महिन्यांचा सोलर टेक्निशियनचा कोर्स आहे. फी ३५ हजार. ‘शासनमान्य, आयएसओ प्रमाणित, नोकरीची हमी’ असा बोर्ड आहे. आमचे हे म्हणतात, भरून टाक, आता सगळ्यांच्या छपरावर पॅनेल चढतायत. मला धीर होत नाही. हे सर्टिफिकेट पुढे चालेल की नाही, हे आम्हाला कसं कळायचं?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, अजून एक रुपयाही भरू नका. आधी सांगते ते विचारून या.

बोर्डावरचं आयएसओ सोडून द्या. आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेचा कारभार नोंदी ठेवून, ठरल्या पद्धतीनं चालतो एवढंच. तुमच्या मुलाला अर्थिंग नीट करता येईल का, हे त्यावरून कळत नाही. ‘शासनमान्य’ म्हटलं की विचारायचं, कोणाची मान्यता आणि कशाला? उद्यम नोंदणीचा कागद पुढे करून शासनमान्य म्हणवणारे मी पाहिलेत. ती धंद्याची नोंदणी झाली, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

व्यवसाय प्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी एनसीव्हीईटी नावाची परिषद केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्थापन केली. ती सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देते आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना वेगळी मान्यता देते. सौरऊर्जेत सर्टिफिकेट देणारी ओळखीची संस्था म्हणजे २०१५ साली सुरू झालेली स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स. यातली मुख्य गोष्ट ही, की शिकवणारा एक आणि तपासणारा बाहेरचा. ज्यानं फी घेतली त्यानंच पास केलं, तर त्या कागदावर कंत्राटदार विश्वास का ठेवील?

म्हणून संस्थेत जाऊन कोर्सचा कोड मागा. सोलर पीव्ही इन्स्टॉलर, ज्याला सूर्यमित्र म्हणतात, त्याचा कोड एसजीजे/क्यू०१०१ असा आहे. राष्ट्रीय पातळीवर सगळ्या मान्य अभ्यासक्रमांची नोंदवही इंटरनेटवर खुली आहे, मुलाला मोबाइलवर शोधायला सांगा. कोड नाही म्हणाले किंवा ‘नंतर येईल’ म्हणाले, तर तिथूनच परत फिरा. कोड दिला तर आणखी एक मागणं करा: मागच्या बॅचच्या एखाद्या मुलाचं सर्टिफिकेट. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. नाव, कोर्स, देणारी संस्था, सगळं जुळलं पाहिजे.

आणि त्यांचं वर्कशॉप बघितल्याशिवाय येऊ नका. हे मी पोटतिडकीनं सांगते, त्यामागे कारण आहे. आयटीआयमध्ये मी तारतंत्री ट्रेड शिकवत होते. निवृत्तीनंतर काही वर्षं परीक्षक म्हणून सोलरच्या केंद्रांवर जात असे. एका ठिकाणी मुलांनी तोंडी परीक्षा फार छान दिली. इन्व्हर्टरचे प्रकार, पॅनेलचा कल, सगळं धडाधड. मग मी एकाच्या हातात केबल आणि एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या केबल जोडायचा प्लग, दिला. पोरगा गोंधळला. त्यानं पकडीनं पिन दाबली, कनेक्टर बंद केला आणि माझ्यापुढे धरला. मी केबल जराशी ओढली तर ती पिनेसकट माझ्या हातात आली. पिन केबलवर घट्ट आवळायचं क्रिम्पिंग टूल कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, सील न फोडलेलं. तीन महिन्यांत एकाही मुलानं ते हातात घेतलं नव्हतं. प्रात्यक्षिकात मला बहुतेकांना नापास करावं लागलं. मुलं रडली. आयांचे दागिने गहाण टाकून आलेली मुलं होती ती. त्यांच्यापेक्षा मला शिकवणाऱ्यांचा राग आला होता, आजही येतो.

ताई, एवढ्याशा पिनेचं एवढं काय, असं वाटेल. घरावर तीन किलोवॅटची सहा पॅनेल एका माळेत जोडली, तर कडक उन्हात अडीचशे ते तीनशे व्होल्ट दाब असतो, आणि ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. कनेक्टर सैल बसला की तिथे उष्णता होते, प्लॅस्टिक वितळतं, ठिणगी धरते. आपल्या घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझायला वाव असतो. पॅनेलमधून येणाऱ्या डीसी प्रवाहात शून्य येतच नाही, ठिणगी जळत राहते. खाली माणसं झोपलेली असतात.

तेव्हा वर्कशॉपमध्ये बघा: प्रत्यक्ष छपरावर किंवा मांडवावर पॅनेल बसवलेली आहेत का, मुलांना ती स्वतः चढवायला-उतरवायला देतात का, क्रिम्पिंग टूल झिजलेलं आहे का, अर्थिंग तपासायचा टेस्टर आहे का, उंचीवर चढताना सेफ्टी बेल्ट देतात का. मुलालाच सोबत न्या. त्याला दोन मिनिटांत कळेल.

फीबद्दल. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २०१५ मध्ये आणलेला सूर्यमित्र कोर्स ६०० तासांचा, निवासी आणि मोफत होता, तोही तुमच्या मुलासारख्या आयटीआय झालेल्यांसाठीच. त्याची किंवा तशा दुसऱ्या मोफत योजनेची बॅच जवळपास कुठे आहे, हे मुलाच्या आयटीआयमध्ये आणि जिल्हा कौशल्य विकास केंद्रात विचारा. ३५ हजार देण्याआधी ही दोन दारं ठोठावलीच पाहिजेत.

नोकरीची हमी लेखी मागा. लेखी मिळाली नाही तर ती नाहीच असं समजा.

एक गोष्ट संस्थावाले सांगणार नाहीत. सोलरचं सर्टिफिकेट म्हणजे तारतंत्रीचा परवाना नव्हे. मीटरच्या बाजूचं वायरिंग करायचं तर परवाना लागतो. तुमच्या मुलाकडे आयटीआय आहे, त्यानं विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन अर्जाची चौकशी आताच करावी. दोन्ही कागद हातात असलेल्या मुलाला कंत्राटदार सोडत नाहीत.

प्रश्न: आठ वर्षं पॅनेल बसवतोय, शिक्षण दहावी. मोठ्या कामावर आता सर्टिफिकेट मागतात. पुन्हा तीन महिने कोर्स करणं मला परवडत नाही.
– एक वाचक, जत

उत्तर: भाऊ, पूर्ण कोर्स करायची गरज पडू नये. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. थोड्या दिवसांची उजळणी आणि मग बाहेरच्या परीक्षकासमोर काम करून दाखवायचं. केलेल्या कामांचे फोटो, कंत्राटदाराचं पत्र जमवून ठेवा. हाताला सवय आहे म्हणून तोंडी परीक्षेला बेफिकीर राहू नका. तुमच्यासारखे कसबी लोक नेमके सुरक्षेच्या प्रश्नांवर अडतात, कारण वर्षानुवर्षं बेल्ट न लावता चढलेले असतात.

प्रश्न: साक्रीजवळ पवनचक्कीवर काम मिळतंय. ‘जीडब्ल्यूओ असेल तरच’ असं सांगितलं. ते काय असतं?
– एक तरुण, धुळे

उत्तर: ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही पवनचक्की बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढलेली संस्था आहे. तिच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार, ओझं उचलणं हे विषय येतात. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीचा भाग तुला लागणार नाही. आधी त्यांच्या विंडा नोंदणीत स्वतःचा क्रमांक काढ, तो विनाशुल्क मिळतो. प्रशिक्षण झालं की केंद्रानं त्या क्रमांकावर नोंद चढवायला हवी, नुसता छापील कागद चालत नाही. उंचीवरच्या कामासारख्या भागांची मुदत दोन वर्षं असते, मग उजळणी. खर्च कंपनी उचलते का, हे रुजू होण्याआधीच विचार.